डाव्या हाताचं बोंड

दुर्गाबाईंचे धाकटे दीर खुशालराव अकोल्याहून परत आले ते देवळातून आल्यासारखे. नरम, सोज्वळ, "वयनी, तब्येत कशी हाये तुमची?" असं विचारत. कापसाचा भाव काढायला गेलेला माणूस एक तर हसत येतो, नाही तर शिव्या देत येतो. वहिनीची तब्येत विचारत येत नाही. दुर्गाबाईंनी तेव्हाच ओळखलं, हा माणूस भाव काढायला गेलाच नव्हता.

पुढे दिवाळी झाली, कपाशी फुटली, आणि त्या सोज्वळपणाचा उलगडा एका दमणीत, हलक्या बैलगाडीत, बसून बोरखडीला आला. अकोल्याच्या तहसिलीतले अव्वल कारकून भगवंतराव. पुण्याकडचे. वऱ्हाडी बोलणं कानावर पडलं की ते किंचित डोळे मिटत, दाढदुखी सोसावी तसे. ओसरीवर त्यांना लोड दिला, गूळ दिला, पाणी दिलं. त्यांनी गूळ खाल्ला, पाणी प्यायलं, लोडाला टेकले आणि म्हणाले,

"महादेवराव पाटील असमर्थ झाले आहेत, असा अर्ज आहे. ते कुठे आहेत?"

ओसरीवरच होते. पाहुण्यापासून हातभर अंतरावर, बाजेवर, पांढरं पागोटं बांधून. भगवंतरावांनी त्यांना आधी घरातला कोणी थकला म्हातारा समजून नमस्कार केला नव्हता; आता केला.

गेल्या चैत्रात पाटलांच्या अंगावरून वारं गेलं होतं. जाताना वाऱ्यानं उजवा हात नेला, उजवा पाय नेला, अर्धं तोंड नेलं आणि एवढी मोठी मराठी भाषा नेली. मागे एकच शब्द ठेवला: "पाहू."

"त्यानं बांध कोरला जी माह्या!"

"पाहू."

"इहिरीवर पाणी भरू देत नाई जी मले."

"पाहू."

पाटील जन्मभर हेच म्हणत आले होते, त्यामुळे गावाला पाटलांत फारसा फरक दिसला नाही. फरक एवढाच, की पूर्वी पाटील "पाहू" म्हणाले की काही होत नसे, आणि आता होऊ लागलं. कारण आता मधल्या दाराशी पाटलीण दुर्गाबाई बसत. पाटलांच्या तोंडून शब्द निघाला की त्या पदर सावरून सांगत, "पाटील म्हणून राहिले, बांध जिथी होता तिथी घाल. नाई घातला तं चावडीवर ये." गाव ऐकत होतं. पाटलांना आजारपण मानवलं, असंही काही जण मागे बोलत. दुर्गाबाईंना हे काम आवडू लागलं होतं. आवडतं याची त्यांना लाज वाटे. पण लाज वाटते म्हणून त्यांनी ते सोडलं नव्हतं.

"साहेब, माह्या तोंडानं कसं सांगू?" खुशालरावांनी उपरण्यानं डोळे टिपले. डोळे कोरडे होते, पण टिपणं नीट झालं. "दादा म्हंजे माह्ये देव. पण देव आता बोलत नाई. सरकारचा वसूल हाये, कापसाचा हंगाम हाये. घरात कोण्या जाणत्यानं गाव सांभाळलं पायजे का नाई?"

"बाबाले काई झालं नाई!" वामनराव उसळला. पाटलांचा हा एकुलता मुलगा, सुभद्रेचा नवरा. वडिलांच्या बाजूनं बोलायची संधी त्याला आजवर फारशी मिळाली नव्हती, ती त्यानं साधली. "जबान जराशी जड हाये, बस. बाकी बाबा पह्यल्यापेक्षा खणखणीत. काकाजीले पाटीलकीची घाई झाली, साहेब. दुसरं काई नाई."

मधल्या दारात दुर्गाबाईंनी पोराच्या नावानं मनातल्या मनात कडकड बोटं मोडली. खणखणीत म्हटल्यावर साहेब पाटलांना बोलतं करून पाहणारच.

भगवंतरावांनी दप्तर सोडलं. "कमिशनर साहेबांचा नवा ठराव आहे. गावकामगार आजार, वेड, वार्धक्य अथवा अन्य कारणाने असमर्थ झाल्यास सरकारी काम खोळंबू नये, याकरिता त्याच्या हयातीतच त्याच्या जागी दुसरा इसम नेमावा. तो इसम..." पान उलटायला त्यांनी बोट जिभेला लावलं. खुशालराव ताठ बसले. "तो इसम म्हणजे त्याचा सज्ञान मुलगा. मुलगा नसल्यास भाऊ."

ताठ बसलेले खुशालराव पुन्हा वाकले.

"तसं पाहालं साहेब," खुशालराव बाजेकडे सरकत म्हणाले, "तं दादा काई येवढे बिमार नाईत. आज सकाऊन मले पाहून हासले."

"हासले?" वामनराव म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. कधी भरले, ते कोणालाच दिसलं नाही. "काकाजी, खोटं काहून बोलता? थे हासणं नाई, तोंड वाकडं हाये बाबाचं. साहेब, पाणी पाजलं तं निम्मं बाहेर येते जी. काई राहिलं नाई आता त्याच्यात."

"अरे, तू आत्ताच तं म्हणत होता खणखणीत!"

"पोराच्या मायेनं म्हणत होतो. तुमी तं अर्ज केला ना?"

"भावाच्या मायेनं केला."

भगवंतराव एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. हा ठराव त्यांनी आणखीही काही गावांत वाचून दाखवला असावा.

दुर्गाबाईंना दिराचा लोभ पाठ होता. त्याच्यावर रागावणं त्यांनी कधीचंच सोडून दिलं होतं. पोराचा लोभ मात्र त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला, आणि तोही रडताना. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. पाटील आढ्याकडे पाहत होते. कान दोन्ही शाबूत होते. वाऱ्यानं तेवढे तरी न्यायला हवे होते.

त्या दारातूनच बोलल्या. "साहेब, माणूस समर्थ हाये का नाई, हे ठरवाचं कोणी?"

"आम्ही, बाई. संबंधिताने आपल्या पदाचे एखादे काम अधिकाऱ्यासमक्ष स्वहस्ते करून दाखवावे, असे कलम आहे."

"कोणतं काम?"

"कोणतेही. कलमात खुलासा नाही."

"मंग उद्या सकाऊन वावरात या. उद्या सीतादही हाये. थे पाटलाबिगर होत नाई."

"वा वयनी!" खुशालराव म्हणाले. दीर आणि भावजय एका बाजूला बसल्याचं त्या घरानं त्या दिवशी प्रथमच पाहिलं. आणि वामनरावानं आईकडे असं पाहिलं, की जणू तिनं त्याच्या ताटातला घास उचलला.

*

सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा. सगळ्या वऱ्हाडात बायका वावरात जातात, दहीभात शिंपतात आणि मग वेचणीला हात घालतात. बोरखडीत त्याला आणखी एक रीत जोडलेली होती. पाटलानं आपल्या वावरातलं पहिलं बोंड तोडायचं आणि पाटलीणीच्या ओटीत घालायचं. त्यानंतरच गावानं आपापल्या वावरात शिरायचं. त्याआधी कोणाच्या झाडाचं बोंड तुटलं, तर त्या घराशी वर्षभर पाणी बंद. पूर्वी कापसाला काही विशेष किंमत नव्हती तेव्हा ही रीत पाळणं सोपं होतं. आता समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात गोऱ्यांनी गोऱ्यांशीच लढाई मांडली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि बोरखडीत बैलांच्या शिंगांना चांदी चढली होती. रीत तीच होती, पण लोक ती दात खाऊन पाळत होते.

संध्याकाळी अमरावतीचे व्यापारी अब्दुल सत्तार अंगणात आले. त्यांच्या गाड्या गावाबाहेर येऊन उभ्या होत्या. त्यांनी पाटलांपुढे लवून सलाम केला, बाजेच्या कडेला टेकले, आणि पाटलांना सगळं समजतं असं धरून त्यांच्याशीच बोलले. तसं करणारे गावात आता फार थोडे उरले होते.

"पाटीलसाब, आभाळ पाह्यलं का? पश्चिमेकडून काळं चढून राहिलं. कापूस भिजला तं माह्या काय कामाचा अन् तुमच्या काय कामाचा? मी उद्या दुपारपर्यंत थांबतो. तुमच्यासाठी थांबतो. मग गाड्या बार्शीटाकळीकडे काढतो. बुरा मत मानना."

"पाहू," पाटील म्हणाले.

"पाटील म्हणून राहिले, दुपारच्या आत तुमच्या गाड्या भरतील," दुर्गाबाई म्हणाल्या.

सत्तारभाईंनी दोघांकडे पाहिलं. "इन्शाअल्ला, भाबी," म्हणाले आणि उठले.

परसात देवकापसाचं झाड होतं. सत्तारभाई गेल्यावर दुर्गाबाईंनी आणि खुशालरावांनी पाटलांना बाजेसकट त्या झाडाखाली नेलं. दुर्गाबाईंनी फांदी वाकवून धरली. पाटलांनी हात वर केला, बोंडाला बोटं लावली आणि कापूस ओढला. पहिल्यांदा अर्धा टरफलात राहिला. दुसऱ्यांदा पाचोळा घेऊन आला. पण दुर्गाबाईंना घाई नव्हती. उन्हाळ्यापासून त्यांनी ह्या हाताला पेला धरायला शिकवलं होतं, मग भाकरीचा तुकडा, मग धोतराचा सोगा. रात्री झोपताना त्याच हाताच्या बोटांना त्या तेल लावत. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत नवऱ्याचा हात त्यांनी एवढा कधी हातात घेतला नव्हता. तशी वेळ त्यांना कोणी दिली नव्हती. वाऱ्यानं ती दिली.

"आसं. बोटं खाली घाला. आता उचला," त्या म्हणाल्या, आणि कापूस सगळाच्या सगळा, पांढराधोप, बाहेर आला. पाटलांच्या अर्ध्या तोंडावर हसू उमटलं.

"झालं वयनी!" खुशालराव एखाद्या पोराला चालता पाहावं तसे हरखले. "कारकुनाचा बाप आला तरी दादाले असमर्थ म्हणणार नाई."

गोठ्याच्या दाराशी सुभद्रा ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं. "आत्याबाई..."

"काय व?"

सुभद्रेनं बाजेकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. "काई नाई."

"काई नाई कसं? उद्या तुह्या ओटीत बोंड पडलं असतं, थे नाई पडणार म्हणून गोड लागून नाई राहिलं. समजते मले."

"माह्यी हाऊस कोणी इचारली कधी या घरात?" सुभद्रा म्हणाली आणि सूप पुन्हा हलू लागलं.

*

सकाळी पाटलांची दमणी वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागली तेव्हा सगळं गाव तिथं उभं होतं. बायकांनी कमरेला वेचणीच्या ओट्या बांधल्या होत्या. पश्चिमेचं आभाळ म्हशीच्या पाठीसारखं दिसत होतं आणि वारा पाचोळा उडवत होता. समोर वावर फुटून पांढरं झालेलं. नजर टाकावी तिथं कापूस.

दुर्गाबाईंनी दहीभात शिंपला, हळदकुंकू वाहिलं. पाटलांना बाजेवर टेकवून बसवलं होतं, पागोट्याला नवा तुरा होता. खुशालरावांनी दादाला मागून आधार दिला, इतक्या प्रेमानं की वामनरावाला ते पाहवेना. तो धुऱ्यावरच्या मुंग्या पाहत उभा राहिला. भगवंतराव छत्रीच्या आधारानं ढेकळं ओलांडत पुढे आले.

दुर्गाबाईंनी झाड वाकवलं. पाटलांनी हात उचलला. हात थरथरला, बोंडाच्या बाजूनं गेला, परत आला, बोटं खाली शिरली. कापूस निघाला, एकाही काडीशिवाय. दुर्गाबाईंनी पदर पसरला आणि पाटलांनी तो त्यांच्या पदरात घातला.

"झाले," भगवंतराव म्हणाले. "स्वहस्ते, आमच्या समक्ष. पाटील समर्थ आहेत. अर्ज निकाली."

दुर्गाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी मान वर केली, गावाकडे पाहिलं आणि हातानं खूण केली: चला.

कोणी हललं नाही.

त्यांना वाटलं, खूण दिसली नसेल. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "पाटलांनी बोंड देल्लं. जा, वेचाले लागा."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग जयवंता पुढे आली. गावात सगळ्यांत म्हातारी तीच; पाटलांच्या लग्नात तिनं त्यांना हळद लावली होती. ती बाजेपाशी आली, आणि वाईट वाटत असलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाली,

"पाटलीनबाई, डावा हात व्हय थो."

दुर्गाबाईंना आधी कळलंच नाही. त्यांनी नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. हात बाजेवर उताणा पडला होता, अंगठा बाहेरच्या बाजूला. डावा. पेला धरणारा, भाकरी धरणारा, तेल लावून घेणारा त्यांचा हात डावा होता, आणि हे एवढ्या महिन्यांत त्या साफ विसरून गेल्या होत्या. त्यांच्या लेखी पाटलांना एकच हात होता, आणि ज्याला एकच हात असतो त्याला डावं काय, उजवं काय.

"डाव्या हातानं मेलेल्याले देतात व माय," जयवंता म्हणाली. "वावराले नाई. लेकराबाळाची घरं हायेत आमची. आमी नाई शिरत वावरात."

"ठरावात डावा-उजवा असा भेद केलेला नाही," भगवंतराव म्हणाले.

"सरकारनं तुमाले सांगितलं ना पाटील समर्थ हाये म्हणून!" खुशालराव ओरडले. "मंग?"

"मंग सरकारनं वेचावा कापूस," जयवंता म्हणाली.

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. अब्दुल सत्तारांनी आभाळाकडे पाहिलं. त्यांनी गाडीवानांकडे नुसती मान केली आणि पहिल्या गाडीचे बैल जुंपायला सुरुवात झाली. गावानं ते पाहिलं. माणसांतून एक कण्हल्यासारखा आवाज आला, पण पाय कोणी उचलला नाही.

"असं करा ना," खुशालराव भावजयीच्या कानाशी आले, "दादाचा उजवा हात मी धरतो, त्याच्यात बोंड ठेवतो अन्..."

"मेलेला हात हाये थो, भाऊजी. सगळ्या गावाले माईत हाये."

दुर्गाबाईंनी भगवंतरावांकडे पाहिलं. "साहेब, आता?"

"आम्ही तर समर्थ ठरवून मोकळे झालो." भगवंतराव छत्रीनं ढेकूळ फोडत होते. "फिरवायचे असेल तर घरच्या कोणी तरी चारचौघांत सांगावे लागेल, की हे असमर्थ आहेत. तोंडी चालेल."

दुर्गाबाईंनी मुलाकडे पाहिलं. काल ओसरीवर कारकुनापुढे जे तो घळाघळा रडत बोलला होता, तेच आज बोलायचं होतं. वामनराव मुंग्यांकडे पाहत होता. त्याला पाटीलकी हवी होती. बापाला संपवल्याचा शब्द मात्र कोणा दुसऱ्याच्या तोंडून यायला हवा होता.

"वामन्या, बोल."

"म्या कसं बोलू, माय? बाप हाये थो माह्या."

"भाऊजी?"

खुशालराव बाजेचा आधार सोडून दोन पावलं मागे झाले होते. "माह्या अर्ज निकाली निघाला, वयनी."

आभाळातून एक टपोरा थेंब सुभद्रेच्या कपाळावर पडला. ती सासूपासून चार हातांवर, ओटी न बांधता उभी होती. दुर्गाबाई तिच्याजवळ गेल्या.

"काल तुले दिसलं होतं ना? परसात?"

"हाव."

"मंग बोलली काहून नाई?"

"बोलत होती म्या, आत्याबाई. तुमी माह्या हौसेचं काढलं." सुभद्रेनं खाली पाहिलं. मग वर पाहिलं. "अन् मंग म्याई इचार केला, काहून बोलू?"

दुर्गाबाईंनी मान हलवली. तिच्या जागी त्या असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं. नव्हे, आपल्या सासूच्या बाबतीत एकदा केलंही होतं. रागवायला काही जागा नव्हती, याचाच जास्त राग आला.

त्या बाजेपाशी परत आल्या. पाटील त्यांच्याकडेच पाहत होते. घरात दहा माणसांत जे कोणी समजून घेत नसे ते दुर्गाबाई त्यांच्या डोळ्यांवरून ओळखत. आणि आता आपण काय बोलणार आहोत हे पाटलांनीही आपल्या डोळ्यांवरून ओळखलं आहे, हे त्यांना दिसलं. एखादा "पाहू" तरी येईल म्हणून त्या क्षणभर थांबल्या. आला असता तर त्यांनी त्याचा काहीतरी अर्थ लावला असता. आला नाही.

"गावकरी हो," दुर्गाबाई गावाकडे तोंड करून म्हणाल्या. आज त्यांचा आवाज पाटलांचा म्हणून नव्हे, त्यांचा स्वतःचा म्हणून निघाला, आणि तो त्यांना आवडला नाही. "पाटलांच्यानं आता पाटीलकी होत नाई. त्याईच्यानं काईच होत नाई. म्या त्याईची बायको हावो, म्या सांगून राहिली."

"ऐकले," भगवंतराव म्हणाले.

वामनरावाला पुढे ढकलावं लागलं नाही. मुंग्यांमधलं त्याचं लक्ष एकदम उडालं. त्यानं बोंड तोडलं, उजव्या हातानं, झटक्यात, पाचोळ्यासकट. सुभद्रेनं पदर पुढे केला. बोंड पडलं आणि बांध फुटावा तसं गाव वावरांत शिरलं. वाटेत प्रत्येक जण वामनरावाला "रामराम पाटील" म्हणत होता. बाजेला वळसा घालून जावं लागत होतं, तेवढंच बाजेकडे लोकांचं लक्ष जात होतं. सत्तारभाईंनी जुंपलेले बैल सोडायला सांगितलं. जाताना तेच एकटे थांबले, पाटलांना सलाम केला, आणि मग नव्या पाटलाला करायला गेले.

*

"आता एवढे एकच राहिले." भगवंतराव दमणीच्या साट्यावर कागद पसरून लिहीत होते. पावसाचे थेंब तुरळक होते, त्यांना लिहिणं उरकायचं होतं. "असमर्थ ठरलेल्या इसमाची यास राजीखुशी पाहिजे. स्वहस्ते निशाणी."

"साहेब," खुशालराव म्हणाले. घडून गेलेल्या सगळ्यात आपल्या वाट्याला काहीच आलं नाही, हे आता कुठे त्यांच्या ध्यानात येत होतं, त्यामुळे त्यांचं डोकं अचानक चांगलं चालू लागलं होतं. "थे असमर्थ हायेत म्हणूनच तं तुमी हे लिहून राहिले. मंग निशाणी कोण करन?"

"तेच. त्यांच्या संमतीवाचून त्यांना असमर्थ धरले तर अन्याय होईल."

"अन् निशाणी करता आली तं?"

"तर असमर्थता कायम."

खुशालरावांनी भावजयीकडे पाहिलं. वावरातून बायकांचं गाणं ऐकू येऊ लागलं होतं.

पाटलांची निशाणी नांगराची. बापाची तीच, आजाची तीच. दुर्गाबाईंनी बोरू त्यांच्या डाव्या हातात दिला आणि वाऱ्यानं कागद हलू नये म्हणून दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. पाटलांनी आधी नांगराचं आडवं लाकूड काढलं. मग मुठीचं उभं रुमणं. मग खाली फाळ, टोकाला थोडा वळलेला, जसा तो असतो तसा. हात एकदाही थरथरला नाही.

"उत्तम," भगवंतराव म्हणाले. "अगदी स्पष्ट. मागच्या कागदांवरच्यापेक्षाही चांगली." गावाला न चाललेला हात सरकारला चालला. त्यांनी कागदावर वाळू टाकली, झटकली, घडी घातली. बोरू पुसायला त्यांनी चिंधी शोधली. ती वाऱ्यानं कुठे तरी गेली होती. दुर्गाबाईंच्या पदरात पहिलं बोंड अजून तसंच होतं. ते कोणी मागितलं नव्हतं, आणि त्यांना टाकवलं नव्हतं.

"ते द्या जरा."

त्यांनी दिलं. भगवंतरावांनी बोरू पुसला, बोटं पुसली. "धागा लांब आहे हो तुमच्याकडे," ते कौतुकानं म्हणाले आणि काळं झालेलं बोंड धुऱ्यापलीकडे टाकलं.

पाटील ते जिथं पडलं तिथं पाहत होते. दुर्गाबाईंनी त्यांचा हात पुसायला पदराचं टोक पुढे केलं. बोटांना शाई लागली होती. पाटलांनी हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताखाली, मेलेल्या हाताखाली, लपवून ठेवला.

दुर्गाबाईंनी पदर आवरून घेतला. मग त्या गाडीवानाकडे वळल्या. "चाल गा. पाटलाले..." म्हणाल्या आणि अडल्या. नवऱ्याला हाक मारायला त्यांच्यापाशी जन्मभर तेवढाच शब्द होता. वावरात तो शब्द ऐकून वामनरावानं मान वर केली होती.

"ह्याईले घरी ने," त्या म्हणाल्या.